मोठी राणी बहुतेकदा नर असते

वाशीहून एमएस्सी करणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे. तिच्या प्रकल्पाचा विषय राणी मासा. वर्षभर दर महिन्याला तिने दिवाळे गावच्या मासळी बाजारातून राणी आणली, कापली, नर-मादी मोजले, गाबोळीचं, म्हणजे पोटातल्या अंड्यांच्या पिशवीचं, वजन केलं. आता लिहायला बसल्यावर तीन ठिकाणी अडलंय. पहिलं, नर जास्त निघाले, साधारण तीन नरांमागे दोन माद्या. मार्गदर्शक म्हणतात, प्रमाण एकास एक यायला हवं, कुठेतरी चुकलंय. दुसरं, गाबोळीच्या वजनाच्या आलेखाला दोन उंचवटे आले, एक दिवाळीच्या सुमारास आणि एक होळीच्या. मग 'वर्षातून दोनदा अंडी घालते' असं लिहायचं का? तिसरं, खोल पाण्यातल्या माशांवरचे परदेशी निबंध वाचले तर तिथे मोठे मासे बहुतेक माद्या. आपल्याकडे उलट का?

मी तीसेक वर्षं माशांची पोटं फाडून आत काय दिसतं ते वहीत लिहिण्याचं काम केलं, आता ठाण्यात निवृत्त आहे. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी घरासाठी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मावशीकडून मासे घ्यायचो. एकदा मी चांगल्या मोठमोठ्या राण्या निवडून बाजूला काढल्या आणि म्हटलं, यांत गाबोळी असेल ना? ती हसली. "गाबोली पायजे त बारकी घे. मोठ्या राणीत नाय गावाची." मी तेव्हा नुकताच पदवी घेऊन आलेलो, त्यामुळे मोठ्याच घेतल्या. घरी सहाच्या सहा नर निघाले. त्या बाईने कधी एकही मासा मोजपट्टीवर ठेवला नव्हता, पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या एका वाक्यात आहे.

नाव राणी, पण मोठी राणी बहुतेकदा राजा असते. हा मासा म्हणजे नेमिप्टेरस, आपल्याकडे मुख्यतः नेमिप्टेरस जॅपोनिकस. त्यात नर माद्यांपेक्षा मोठे होतात, आणि लांबीच्या वरच्या गटांत नरांचंच राज्य असतं. हे भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर आणि बाहेरही पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. त्यामुळे नर जास्त निघाले यात मला नवल वाटत नाही. तुमचे मासे तुमच्यापर्यंत आले कसे, हे मात्र बघायला हवं.

राणी हा खाडीचा मासा नाही. दिवाळ्याच्या होड्या ज्या पाण्यात जातात तिथे तो क्वचितच सापडेल. तो ट्रॉलरचा मासा, चिखल-वाळूच्या तळालगत, वीस-चाळीस वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यात आणि त्याहून खोल. बोट आठ-दहा दिवसांनी भाऊच्या धक्क्याला किंवा ससून डॉकला लागते, आणि माल उतरताना त्याची वाटणी होते. अगदी बारीक राणी फिशमीलच्या, म्हणजे माशांच्या भुकटीच्या, ढिगात जाते. मधल्या आकाराची मोठ्या प्रमाणात सुरिमीच्या कारखान्याकडे जाते. सुरिमी म्हणजे धुऊन, कुटून केलेला माशाचा लगदा, आणि भारतातल्या सुरिमीचा मोठा भार राणीवरच आहे. उरली ती मोठी, टवटवीत, लालसर राणी. तिला ताटात किंमत मिळते म्हणून ती पाट्यांतून किरकोळ बाजारात येते. तिथे कोळीण पुन्हा आकार बघून वाटे लावते. आणि तुम्ही, मी केलं तसंच, चांगले दिसणारे वाटे उचलले असणार. म्हणजे जाळ्याच्या आसापासून (भोकापासून) तुमच्या पिशवीपर्यंत चार वेळा आकाराची निवड झाली, आणि प्रत्येक वेळी मोठ्याला झुकतं माप मिळालं. मोठे म्हणजे नर. तुमचं तीनास दोन तिथून आलं असण्याची शक्यता दाट आहे.

आकडे घेऊन बघा, निव्वळ उदाहरणापुरते. समजा समुद्रात ७०० राण्या आहेत. १८ सेंटिमीटरच्या खाली ५००, त्यांत ३०० माद्या आणि २०० नर. त्याच्या वर २००, त्यांत ५० माद्या आणि १५० नर. बेरीज करा, ३५० माद्या आणि ३५० नर, बरोबर एकास एक. आता बाजारात मोठ्या सगळ्या २०० आल्या, पण लहानांपैकी फक्त १५० आल्या, त्याही कुठलीही निवड न होता. त्या १५० मध्ये ९० माद्या आणि ६० नर. हातात काय आलं? २१० नर, १४० माद्या. तीनास दोन. समुद्रात काहीच बिघडलेलं नाही, तुम्ही मोजण्यात चुकला नाहीत, मार्गदर्शकही त्यांच्या जागी बरोबर, आणि तरीही प्रबंधात 'नरांचं आधिक्य' असं वाक्य जाऊन बसलं असतं.

म्हणून एकूण प्रमाणाचा आकडा प्रबंधात पहिला येऊ देऊ नका. आधी एकेक सेंटिमीटरचे लांबीचे गट पाडा आणि प्रत्येक गटात माद्यांची टक्केवारी काढा. कुठल्या लांबीपासून ती घसरू लागते, कुठे ती शून्याला टेकते, ही रेघ तुमच्या कामातली खरी चीज आहे. बाजारात मोठे जास्त आले की लहान, याचा या रेघेवर फारसा परिणाम होत नाही. निवड लांबी बघून झाली, नर-मादी बघून नाही, एवढं गृहीत धरलं की पुरतं. एकूण प्रमाण मात्र वाट्यावाट्याला बदलेल.

इथे दोन बारीक गोष्टी आहेत, त्यांत मी लोकांची वर्षं वाया गेलेली पाहिली आहेत. राणीच्या शेपटीच्या वरच्या पात्याला लांब धागा असतो. ट्रॉलरच्या जाळ्यात, बर्फात, पाटीत तो अर्ध्या माशांचा तुटतो. धाग्यासकट लांबी मोजलीत तर तुमचे लांबीचे गट म्हणजे धागा शाबूत राहिलेल्यांची यादी होईल. शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी घ्या, किंवा शेपटीच्या मुळापर्यंतची, आणि कुठली घेतली ते लिहा. दुसरं, बाजारात 'राणी' म्हणून किमान दोन प्रजाती एकत्र विकल्या जातात. जॅपोनिकसच्या अंगावर सोनेरी-पिवळ्या अकरा-बारा आडव्या रेघा असतात, पार्श्वरेषा (माशाच्या अंगाच्या बाजूने जाणारी रेघ) सुरू होते तिथे लाल झाक असलेला पिवळा ठिपका असतो आणि शेपटीचा धागा पिवळा. नेमिप्टेरस रँडलीला पार्श्वरेषेखाली तीन-चारच फिकट पिवळ्या रेघा आणि धागा लालसर. रँडली आकाराने लहान राहतो. दोन्हींची सरमिसळ झाली तर परिपक्वतेची लांबी, हंगाम, प्रमाण, सगळंच भेळ होतं. बर्फात दहा दिवस पडलेल्या माशाचा रंग उडतो हे मान्य, पण तो ठिपका बहुधा टिकतो. फोटो काढून ठेवले असतील तर आजच चाळा.

नर-मादी ओळखण्याबद्दल थोडंसंच. मोठ्यांमध्ये गोंधळ नाही. मादीची गाबोळी गोलसर नळी, गुलाबी ते पिवळट, तिच्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं. नराची पांढरी, चपटी, कडेला धारदार. लहान माशांत दोन्ही दोऱ्यासारखे दिसतात, आणि तिथे विद्यार्थी 'अनिश्चित' असा शिक्का मारून मासा बाजूला ठेवतात. हे 'अनिश्चित' दोन्हीकडून सारखे गळत नाहीत. बहुधा कोवळं अंडाशय कोवळ्या वृषणाच्या आधी ओळखू येतं, म्हणजे गळतात ते जास्त करून नर, आणि लहान गटांत माद्या फुगलेल्या दिसतात. काचपट्टीवर तुकडा दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बरेचसे सुटतात. जे सुटणार नाहीत त्यांची संख्या लांबीप्रमाणे तक्त्यात द्या, लपवू नका.

आता मार्गदर्शकांच्या 'एकास एक'बद्दल. हा नियम लोक फार सैलपणे वापरतात. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३० मध्ये मांडलेला युक्तिवाद असा, की ज्या लिंगाची पिल्लं कमी त्यांच्या वाट्याला जोडीदार जास्त, त्यामुळे त्या लिंगाची पिल्लं देणाऱ्या आईबापांचा वंश वाढतो आणि तराजू पुन्हा समतोलाकडे येतो. पण हा समतोल आईबाप पिल्लांवर जो खर्च करतात त्याचा आहे. मासा एकदा अंडी पाण्यात सोडून मोकळा झाला की पुढे नर जास्त मरतात की माद्या, कोण लवकर वाढतो, कोण जाळ्यात आधी सापडतो, याबद्दल फिशर काहीही आश्वासन देत नाही. प्रौढांमध्ये एकास एक ही तुलनेसाठी धरलेली रेघ आहे, माशाने पाळायचा कायदा नव्हे. मार्गदर्शकांना हे नम्रपणे सांगा. सांगण्याची पद्धत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

काय-वर्ग चाचणी, म्हणजे मिळालेले आकडे अपेक्षेपासून योगायोगाने हटतील त्याहून जास्त हटलेत का ते पाहणारी, तुम्ही लावणारच, कारण प्रत्येक प्रबंधात ती असते. ४०० माशांत २४० नर आणि १६० माद्या असतील तर अपेक्षा २०० आणि २००, फरक ४०, आणि काय-वर्ग येतो १६. मर्यादा ३.८४ ची, म्हणजे 'अत्यंत लक्षणीय'. तेच प्रमाण ४० माशांत, २४ आणि १६, तर काय-वर्ग १.६ आणि 'लक्षणीय नाही'. प्रमाण तेच, बदलली ती संख्या. बारा महिन्यांना बारा चाचण्या लावल्या तर सगळं खरोखर समसमान असतानाही एखाद्या महिन्यात निव्वळ योगायोगाने 'लक्षणीय'चं तारांकन मिळण्याची शक्यता ४६ टक्के आहे. म्हणून 'मार्चमध्ये नर लक्षणीयरीत्या जास्त' यावर दोन पानं लिहू नका.

याहून मोठी खोट अशी, की एका पाटीतले पन्नास मासे हे पन्नास स्वतंत्र साक्षीदार नाहीत. तळचे मासे आकाराने, पुष्कळदा लिंगानेही, गटागटाने फिरतात. एका ओढीत, म्हणजे जाळं एकदा ओढल्यावर, नरांचा थवा सापडला की पाटीच्या पाटी नरांची. चाचणीला वाटतं तुम्ही पन्नास वेळा नाणं उडवलं, प्रत्यक्षात जेमतेम एकदा उडवलेलं असतं. तुमच्याकडे वर्षभरात किती पाट्या होत्या? ती संख्या ठळक लिहा आणि पाटी हेच एकक धरून फरक किती हलतो ते पाहा. परीक्षकांपैकी एखादा तरी यावर खूश होईल.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. दोन उंचवटे.

तुम्ही जननग्रंथी निर्देशांक काढला आहे, गाबोळीचं वजन भागिले माशाचं वजन गुणिले शंभर. हिशेब सोपा, पण तो कुणावर केला यावर सगळं अवलंबून. सगळ्या माद्यांची सरासरी काढली असेल, तर ज्या महिन्यात पाटीत कोवळ्या माद्या जास्त आल्या त्या महिन्यात सरासरी आपोआप खाली गेली. तो खड्डा हंगामाचा नसून आकाराचा असेल. परिपक्वतेच्या लांबीवरच्याच माद्या घ्या. माशाचं वजन आतडी काढून घ्या, कारण राणी खादाड आहे, पोटात कोळंबी-खेकडे भरलेला मासा निर्देशांक खाली ओढतो. आणि सरासरीची रेघ काढण्याआधी प्रत्येक मादीचा ठिपका आलेखावर मांडा. मला खात्रीने वाटतं की ऑक्टोबर ते मार्च सगळ्याच महिन्यांत वरचे काही ठिपके दिसतील.

कारण राणी एका दमात अंडी घालून मोकळी होणारी नाही. ती हप्त्याहप्त्याने घालते. पिकलेली गाबोळी उघडून सुईने दाणे सुटे करा. साबुदाणा आठवा. काही दाणे कोरड्या साबुदाण्यासारखे पांढुरके, अपारदर्शक, बलक भरत असलेले. काही शिजलेल्या साबुदाण्यासारखे फुगलेले, काचेसारखे, ती पाणी शोषून सुटायला तयार झालेली अंडी. आणि त्यांच्या खाली बारीक रव्यासारखी, अजून वेळ असलेली. एकाच गाबोळीत दोन-तीन पिढ्या एकत्र नांदत असतील तर ती मादी एक हप्ता सोडणार, दुसरा तयार करणार. अशा माशाची 'एकूण अंडी' एका गाबोळीतले दाणे मोजून सांगता येत नाहीत. फक्त काचेसारखी अंडी मोजली तर एका हप्त्याचा आकडा मिळतो. हप्ते किती, ते वेगळं शोधावं लागतं, आणि त्यासाठी ताज्या माशाच्या गाबोळीचे पातळ छेद हवेत. अंडं सुटल्यावर मागे राहिलेली रिकामी पिशवी छेदात दिसते, पण उबदार पाण्यात ती एक-दोन दिवसांत विरते. बर्फातल्या आठ दिवसांच्या माशात ती शोधू नका, तिथे ऊतक सडू लागलेलं असतं आणि सडलेलं काहीही तुम्हाला हवं तसं दिसतं.

त्यामुळे दोन उंचवट्यांवरून 'दोनदा' लिहिण्यापेक्षा 'हंगाम लांब, हप्त्याहप्त्याचा, या दोन काळांत जास्त माद्या पिकलेल्या' असं लिहा. आणि तुमच्या आलेखात एक भोक आहे, त्याची कबुली द्या. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला ६१ दिवसांची बंदी असते. त्या काळात धक्क्यावर राणी नाही, म्हणून तुमच्या वहीतही नाही. तुम्ही मेमधला ठिपका आणि ऑगस्टमधला ठिपका सरळ रेघेने जोडला असेल, सगळेच जोडतात. पण आत काय चाललं होतं ते कुणी पाहिलंच नाही. राणीच्या हंगामावर वेगवेगळ्या किनाऱ्यांवरून वेगवेगळे महिने नोंदले गेले आहेत आणि पावसाळा व त्यानंतरचे महिने त्यांत वारंवार येतात. म्हणजे तुमचा दिवाळीचा उंचवटा हा कदाचित पावसाळ्यात सुरू झालेल्या डोंगराची उतरण असेल. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उतरलेल्या मालात गळून रिकाम्या झालेल्या, रक्ताळ गाबोळ्या किती होत्या ते वहीत पाहा. पुष्कळ असतील तर बंदीच्या काळात अंडी पडून गेली.

ऑगस्टच्या मालाबद्दल आणखी एक. पावसाळ्याच्या उत्तरार्धात आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यात, दक्षिणेकडे जास्त, तळाशी प्राणवायू कमी असलेलं पाणी वर सरकतं. तळचे मासे त्याला टाळतात, जागा बदलतात. त्या महिन्यांत तुम्हाला वेगळ्या आकाराचे मासे मिळाले तर ते जन्मामुळे नसून स्थलांतरामुळेही असू शकतं.

'रिकामी' आणि 'कोवळी' यांत गल्लत होते, ती सगळ्यांत महाग पडते. अंडी घालून झालेली, विश्रांती घेणारी मादी आणि कधीच न घातलेली मादी, दोघींची गाबोळी लहान. डोळ्यांनी फरक कळायला सराव लागतो: घालून झालेलीची भिंत जाड, जरा सैल, रंग मळकट, कोवळीची पातळ आणि पारदर्शक. विश्रांतीतल्या मोठ्या माद्यांना तुम्ही 'अपरिपक्व' लिहिलं तर परिपक्वतेची लांबी उगाच वर जाईल. म्हणून निम्म्या माद्या ज्या लांबीला परिपक्व होतात तो आकडा फक्त हंगामातल्या माशांवरून काढायचा. २०११ पासून जगभर पाच अवस्थांची सोपी परिभाषा रूढ होत आली आहे: अपरिपक्व, वाढती, अंडी सोडण्यास सक्षम, ओसरती आणि पुनर्निर्माणातली. जुनी सात टप्प्यांची पट्टी वापरली असेल तर या पाचांत बसवून घ्या. हा आकडा कागदावर राहत नाही. केरळने २०१५ मध्ये ज्या माशांना किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली त्यांत राणी होती, तिकडे तिला किळीमीन म्हणतात. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये बऱ्याच प्रजातींना अशी मर्यादा लावली. चुकीची लांबी म्हणजे कुणाच्या तरी पाटीवर चुकीचा दंड.

आता तिसरा प्रश्न, खोल पाण्याचा. तुम्ही वाचलेले निबंध बहुधा युरोपीय हेक किंवा ग्रीनलँड हॅलिबटवरचे असणार. त्यांत माद्या मोठ्या होतात, नरांची वाढ आधी मंदावते, आणि अगदी मोठे मासे जवळपास सगळे माद्या. ते चूक नाही आणि तुमची राणीही चूक नाही. मोठं शरीर म्हणजे पोटात जास्त अंडी, हा फायदा मादीला बहुतेक माशांत असतोच. त्यामुळे 'मादी मोठी' ही माशांमधली नेहमीची रीत आहे, आणि राणी हा तिला अपवाद. मोठ्या नराचा फायदा नेमका काय, ते माशागणिक वेगळं असू शकतं.

काहीजण इथे लगेच उडी मारतात: लहान माद्या, मोठे नर, म्हणजे मादीचा नर होतो! असे मासे आहेत, राणीच्याच कुळातल्या स्कोलॉप्सिस या दुसऱ्या वंशात लिंगबदल नोंदलेला आहे. पण लांबीच्या आलेखावरून तो सिद्ध होत नाही. नर नुसते जलद वाढले किंवा जास्त जगले तरी आलेख हुबेहूब तसाच दिसतो. पुरावा हवा तर छेदात एकच ग्रंथी अंडाशयाकडून वृषणाकडे वळताना पकडावी लागते. तुमच्याकडे ते नाही, तर 'लिंगबदलाची शक्यता' हे वाक्य चर्चेच्या भागातूनही काढा.

उलट दिशेचं उदाहरण म्हणजे पॅजेलस बोगाराव्हेओ, अझोर्स बेटं आणि जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतला खोल पाण्यातला मौल्यवान मासा. तो आधी नर असतो आणि पुढे पुष्कळसे मासे मादी होतात. तिथे मासेमारी मोठे मासे उचलते म्हणजे नेमक्या अंडी घालणाऱ्या उचलते. बिस्केच्या उपसागरातला त्याचा साठा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कोसळला तो अजून सावरला नाही. राणीत मोठे उचलले तर नर जातात. धोका दोन्हीकडे वेगळा, आणि 'नर:मादी १.५:१' या एका आकड्यात त्यातलं काहीच दिसत नाही.

आणि ऑरेंज रफी. माझ्या पिढीच्या मत्स्यशास्त्रज्ञांना याने चांगलीच अद्दल घडवली. न्यूझीलंडच्या पाण्यात ७०० मीटरपेक्षा खोल राहणारा हा मासा १९७० च्या दशकाच्या शेवटी व्यापारी जाळ्यांना सापडला. हिवाळ्यात तो समुद्रातल्या डोंगरांवर अंडी घालायला प्रचंड संख्येने जमतो, त्यामुळे जाळं टाकलं की भरायचं, आणि लोकांना वाटलं मासा अमाप आहे. वय मोजल्यावर कळलं की तो शंभर वर्षांहून जास्त जगतो आणि अंडी घालायला लागतो तोच तिशीच्या आसपास. वर प्रत्येक प्रौढ मादी दर वर्षी जत्रेला येतेच असं नाही, मोठा हिस्सा त्या वर्षी दांडी मारतो. आता जत्रेच्या जागी जाळं टाकून नर-मादी मोजले तर काय मिळेल? आलेल्यांचं प्रमाण. त्यातही नर आणि माद्या एकाच वेळी येतात-जातात असं नाही, म्हणून आठवडा बदलला, ओढीची खोली बदलली की आकडा बदलतो. पंढरपूरला आषाढीत लोक मोजून महाराष्ट्राची जनगणना लिहिल्यासारखं ते होईल.

राणी त्या मानाने उथळ पाण्याची आणि अल्पायुषी, पण खोलीचा धडा तिलाही लागू. तळच्या पुष्कळ माशांत आकार खोलीबरोबर वाढत जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाइन्के यांनी उत्तर समुद्रातल्या प्लेस माशावर हे दाखवलं, ते आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. राणीच्या बाबतीत खोल म्हणजे मोठा, मोठा म्हणजे नर. तेव्हा पाटी वीस वावातली की पन्नास वावातली यावर तुमचं प्रमाण ठरू शकतं. किरकोळ बाजारातल्या मावशीला ते ठाऊक नसतं. बोट चालवणाऱ्या तांडेलाला असतं, आणि विचारलं तर तो सांगतो, फक्त जागा नेमकी विचारू नका, खोली विचारा. जागा कोणी सांगत नाही, मीही सांगितली नसती.

पुढे काय करायचं? तुमच्याकडे अजून दोन-तीन महिने असतील तर दिवाळ्यातून वाटे आणणं थांबवा. पहाटे धक्क्यावर जा, माल वेगळा करण्याआधीची एक अख्खी पाटी, बारीकसारीकासह, तांडेलाशी बोलून विकत घ्या, आणि शेवटच्या दिवसाच्या ओढीची मागा, ती ताजी असते. महाग पडेल, दोघी-तिघी मैत्रिणी मिळून घ्या. शिवाय फिशरी सर्व्हे ऑफ इंडियाचं मुख्यालय मुंबईतच आहे. १९४६ मध्ये डीप सी फिशिंग स्टेशन म्हणून सुरू झालेली ही संस्था आपल्या जहाजांवरून ठरावीक खोल्यांना सर्वेक्षणाच्या ओढी करते, तिथे वाटे लावणारं कोणी नसतं. महाविद्यालयाच्या पत्रावर विनंती करून पाहा. त्यांच्या ओढीतल्या राणीचं लांबीनुसार प्रमाण आणि तुमच्या बाजारातल्या राणीचं प्रमाण एका आलेखावर ठेवता आलं, तर तुमचा आधीचा वर्षभराचा डेटा वाया न जाता उलट कामाला येईल, कारण बाजार किती वाकवतो हे कोणीतरी मोजलेलं असेल.

वजन-मापं झाल्यावर डोकी फेकू नका. प्रत्येक डोक्यात कानाचे दोन मोठे खडे असतात, कर्णाश्म. धुऊन, वाळवून, माशाचा क्रमांक लिहिलेल्या कागदाच्या पुडीत ठेवा. आपल्या उबदार पाण्यात त्यांवरची वर्तुळं वाचणं कटकटीचं असतं, पण मोठे नर हे त्याच वयाच्या माद्यांपेक्षा जलद वाढलेले आहेत की नुसते म्हातारे आहेत, याचं उत्तर त्या पुडीतच मिळेल. आणि फॉर्मलिन लागलं नसेल तर उरलेल्या माशांचं कालवण करा. बारक्या राणीला काटे जास्त, पण गाबोळी तिच्यातच असते.